गाण्याआधीचा श्वास

१

टेप कापलेली होती.

हे लक्षात आलं तेव्हा स्टुडिओत आम्ही पाच जण होतो, आणि प्रत्येकाने आधी दुसऱ्याकडे पाहिलं. संकेतधून वाजली, मग थोडी शांतता, आणि थेट गाणं. मधली घोषणा नव्हती. ती घोषणा म्हणजे आमच्या रेडिओ केंद्रावरून बोललं गेलेलं पहिलं वाक्य. उद्या सकाळी केंद्राला पन्नास वर्षं होणार होती आणि त्या एका वाक्यासाठी साहेबांनी एवढा घाट घातला होता.

मी इथे 'आजच्या दिवशी' हा कार्यक्रम करते. कुणाची पहिली तबकडी आज निघाली, टीव्हीवरची कुठली मालिका आज संपली, कुठला वाद्यवृंद आज भांडून फुटला, हे सगळं रोज सकाळी मी लोकांना त्यांच्या चहाबरोबर सांगते. त्यामुळे मला इथे तारीखबाई म्हणतात. पूर्वी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. खरंच आहे. एका जागी मला बसवत नाही आणि चुकीची तारीख मला झोपू देत नाही.

"पुन्हा लावा," साहेब म्हणाले. साहेब म्हणजे केंद्रप्रमुख. नवे आहेत, आल्यापासून घाईत आहेत.

मशीनवर मास्तर होते. निवृत्त ध्वनिमुद्रक. जुनं टेप मशीन चालवणारं दुसरं कुणी उरलं नाही म्हणून त्यांना मानाने बोलावून आणलं होतं. आमच्याकडे टेप वाजवून झाली की मागे गुंडाळत नाहीत, शेवट बाहेर ठेवूनच डब्यात घालतात. त्यामुळे मास्तरांनी सकाळी आधी सगळी टेप मागे घेतली होती, मग वाजवली होती. आता त्यांनी चष्म्याची डबी मशीनवरून बाजूला सरकवली, चष्मा कपाळावर चढवला आणि टेप हाताने हळूहळू ओढून दाखवली. कापलेली टोकं जोडणारी चिकटपट्टी पांढरीशुभ्र होती. त्या टेपवरचे बाकीचे जोड चहासारखे पिवळे पडले होते. म्हणजे काम ताजं होतं.

"माझ्या कपाटातून?" काकू म्हणाल्या. काकू ध्वनिफितींचं ग्रंथालय सांभाळतात. त्यांच्या कपाटातून टेप काढायची म्हणजे वाघिणीच्या तोंडातून घास काढण्यासारखं आहे. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

साहेबांनी फार वेळ शोक केला नाही. ते म्हणाले, ते वाक्य जे बोलले ते नाना अजून ठणठणीत आहेत, आज दुपारी येतील, स्टुडिओत तेच वाक्य पुन्हा बोलतील, थोडी खरखर मिसळू आणि उद्या जुनं म्हणून वाजवू. कुणाला कळतंय? आणि तारीखबाई, ही पहिली घोषणा असं तुम्ही कार्यक्रमात सांगायचं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, खोटी गोष्ट मी तारखेसकट सांगणार नाही. साहेब म्हणाले, मग उद्या सकाळपर्यंत खरी आणून द्या.

त्यांनी तिथूनच नानांना फोन लावला, स्पीकरवर. नाना म्हणजे आमचे थोर निवेदक. बाहेरच्या दालनात संगमरवरी पाटी आहे, 'या केंद्राचा पहिला आवाज', ती त्यांच्या नावाची. साहेबांनी सगळं गोड करून सांगितलं. मग तो सगळ्यांच्या ओळखीचा आवाज आला.

"ते वाक्य माझ्या आवाजात? नाही."

आणि नानांनी फोन ठेवला.

२

कुठेतरी पाणी मुरत होतं. पहिला आवाज म्हणून मिरवलेला माणूस तेच वाक्य बोलायला नकार देतो, याचा अर्थ मला लागेना. साहेब तणतणत खोलीत गेले. त्यांच्यामागे आमचा तरुण निर्माताही गेला. तो सदान्‌कदा मोबाईल हातात धरून सिग्नल शोधत फिरतो, म्हणून त्याला आम्ही वायफाय म्हणतो. स्टुडिओत मास्तर, काकू आणि मी उरलो.

मी येरझाऱ्या घालत होते. घालता घालता मला वाटलं, चोराने सगळं नेलं, पण गाण्याआधीची ती शांतता ठेवली. ती तरी ऐकावी. मी आवाजाचं बटण पार वर नेलं आणि मास्तरांना म्हटलं, तेवढीच जागा वाजवा.

मास्तरांचा हात जरा थबकला, पण त्यांनी वाजवली.

सूं असा आवाज आला, भिंतीपलीकडे नळ चालू असावा तसा. आणि त्या सूंच्या आत, अगदी लांबून, कुणीतरी बोललं: "...बरोबर राहा."

काकूंनी माझा दंड धरला.

"सावली," काकू म्हणाल्या. मग त्यांनीच मला समजावलं. टेप थरावर थर गुंडाळलेली असते. वर्षानुवर्षं पडून राहिली की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर झिरपतो, पुसट, जेमतेम. कापलेला तुकडा गेला, पण त्याच्या लगतच्या शांततेवर त्याचे शेवटचे शब्द उमटून राहिले.

"पण काकू," मी म्हटलं, "हा बाईचा आवाज आहे."

पन्नास वर्षं ज्या वाक्याबद्दल नानांना हारतुरे मिळाले, ते वाक्य एक बाई बोलली होती. ती कोण, हे त्या दोन शब्दांवरून मला सांगता येईना.

काकू तरातरा ग्रंथालयाकडे गेल्या, गेल्या आठवड्यात त्या टेपला कुणाकुणाचा हात लागला ते आठवायला. मास्तर म्हणाले, नीट ऐकू आलं नाही, परत लावतो. त्यांनी टेप मागे घेतली, वाजवली. परत म्हणाले, थांबा, जरा मशीन साफ करतो, आणि टेप सर्रकन शेवटापर्यंत नेली, सर्रकन परत आणली. पुन्हा नेली, पुन्हा आणली. मी खिडकी ते दार, दार ते खिडकी करत होते. त्या म्हाताऱ्या माणसाची चिकाटी बघून मला बरंच वाटलं.

"आता ऐका," मास्तर म्हणाले.

मी कान लावला. सूं होतं. आत कुणीच नव्हतं.

"गेलं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मशीन बंद केलं.

३

काकूंच्या आठवणीप्रमाणे गेल्या आठवड्यात त्या डब्याला तिघांचे हात लागले होते. वायफायने संगणकावर उतरवून घ्यायला नेली होती. मास्तरांनी मशीन तपासायला नेली होती. आणि नाना एक दिवस सहज म्हणून आले होते, डबा मांडीवर घेऊन बसले होते, आणि काकू चहा सांगायला बाहेर गेल्या होत्या. चौथ्या काकू स्वतः. त्यांनी स्वतःचं नाव स्वतःच सांगितलं, माझी सोय केली.

वायफायला मी जिन्यात गाठलं. त्याने खांदे उडवले. त्याचं म्हणणं, मशीन तेव्हा नादुरुस्त होतं, टेप डब्यातून काढलीसुद्धा नाही. आणि कापायचंच असतं तर त्याने संगणकावर कापलं असतं, ब्लेड घेऊन कोण बसतं? मागे एकदा त्याने एक जुनी टेप जशी डब्यात होती तशीच लावून वाजवली होती. गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे वाजलं आणि काकू आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. ते मला चांगलं आठवत होतं.

दुपारी मी नानांकडे गेले. चाळीशीतली मी, पण नानांसमोर अजून पोरगी होते. लहानपणी त्यांच्याच आवाजावर घड्याळ लावायची आमच्या घरात पद्धत होती. दार त्यांच्या पत्नीने, वहिनींनी उघडलं. वहिनी पूर्वी आमच्याकडे कोरसमध्ये गायच्या. मास्तरांच्या त्या सख्ख्या मोठ्या बहीण. काही वर्षांपूर्वी घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. आता कपावर चमचा वाजवून त्या नानांना हाक मारतात. एकदा वाजवला की 'इकडे या', दोनदा वाजवला की 'कुठे तडफडलात'.

नाना खुर्चीत बसले होते. हात थरथरत होते. बशी धरली की बशी वाजायची. मी आडवळण घेतलं नाही. टेप कापली गेली आहे, आणि आत बाईचा आवाज आहे, असं सांगितलं. वहिनींच्या हातातला कप खाली पडला. फुटला नाही, चहा तेवढा सगळीकडे झाला. त्या फडकं आणायला आत गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत.

मी नानांना म्हटलं, तुमची पाटी खोटी आहे का?

"टेप मिळाली की मला कळव," नाना म्हणाले. "पहिल्यापासून लावणार असशील तरच मी उद्या येईन."

मला वाटलं, हा माणूस मला खेळवतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्यांच्या मागच्या कपाटात त्यांच्या कार्यक्रमांच्या कॅसेटी भरलेल्या होत्या, वरपासून खालपर्यंत. माझी नजर तिकडे गेलेली बघून ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"सगळा मीच आहे त्यात. हिचा एक शब्द नाही घरात. कोरसमध्ये ऐकावं म्हटलं तर चार बायकांत ही कोणती ते मलाही कळत नाही." मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "माझा मेहुणा म्हणतो टेप जुनी आहे, तुटेल. पंचविसाव्या वर्षीही असंच म्हणाला होता. तेव्हाही गाण्यापासूनच लावली त्याने."

मी उठले, चप्पल घातली, अर्ध्या जिन्यात थांबले. मनात पाल चुकचुकली ती तिथे.

४

ग्रंथालयात काकू शिडीवर चढून डबे पुसत होत्या. राग आला की त्या डबे पुसतात. मी खालून वर बोलायला लागले, आणि बोलता बोलता कपाटांच्या रांगेतून फिरायला लागले.

पहिली गोष्ट, वायफाय. सकाळी मास्तरांनी टेप लावली तेव्हा ती आधी मागे घ्यावी लागली होती. म्हणजे शेवट बाहेर होता, आपल्या रिवाजाप्रमाणे. ज्याने कापलं त्याने काम झाल्यावर ती पुन्हा शेवटापर्यंत नेऊन ठेवली. वायफायला हा रिवाज ठाऊक असता तर ते गाणं उलटं वाजलं नसतं. तो सुटला.

दुसरी गोष्ट, नाना. बशी धरता येत नाही, ब्लेड कसं धरणार? आणि लपवायचंच असतं तर साहेबांनी आयतं ताट वाढलं होतं. नवं वाक्य बोलायचं आणि मोकळं व्हायचं. त्यांनी नाही म्हटलं. ज्याला सत्य दडपायचंय तो असं करत नाही.

"म्हणजे मी उरले," काकू वरून म्हणाल्या.

"तुम्ही आणि मास्तर."

काकू शिडीवरून उतरल्या. मी त्यांना विचारलं, काकू, तुम्हाला कुणी हे वाक्य काढायला सांगितलं असतं तर कुठून कुठे कापलं असतं?

त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. धून संपली तिथून गाणं सुरू होतं तिथपर्यंत. मधे भोक कशाला ठेवायचं? तरुणपणी काकू बातम्यांच्या टेपा कापायच्या, पुढाऱ्यांच्या भाषणातले सगळे खाकरे आणि थांबे काढून टाकायच्या. त्यांनी कापलेलं भाषण ऐकलं की पुढारी कधी श्वास घेत होता की नाही अशी शंका यायची. अजूनही त्यांच्याशी फोनवर बोलताना आपलं वाक्य पूर्ण होत नाही.

"पण चोराने शांतता ठेवली," मी म्हटलं. "शब्द काढले आणि गाण्याआधीची जागा तेवढी तशीच ठेवली. अशी जागा कोण ठेवतं?"

काकूंचा हात फडक्यासकट तसाच राहिला. आमच्या केंद्रात नवं माणूस आलं की त्याला पहिला धडा मिळायचा: गाण्याआधी एक श्वास सोडा, ऐकणाऱ्याला गाण्यात शिरायला उंबरा लागतो. मलाही तो मिळाला होता. तो धडा देणारा माणूस एकच.

"आणि काकू, सकाळी ती सावली नाहीशी झाली. मास्तर पुन्हा पुन्हा टेप फिरवत होते, नीट ऐकू यावी म्हणून."

"फिरवली?" काकूंनी फडकं स्टुलावर टाकलं. "अगं बाई, सावली फिरवण्यानेच जाते. जितकी फिरवावी तितकी पुसट होते. मशीनवर बसणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं."

"मास्तरांना?"

"मला त्यांनीच शिकवलं," काकू म्हणाल्या.

मी तिथून जवळजवळ पळतच स्टुडिओकडे निघाले.

५

मास्तर गेले नव्हते. बंद मशीनसमोर, झाकण लावून, हात मांडीवर ठेवून बसले होते. गाडी चुकलेला माणूस स्टेशनावर बसतो तसे. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्नही केला नाही.

मी म्हटलं, मास्तर, तुम्ही श्वास ठेवलात.

त्यांनी झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाले, "हात ऐकत नाही गं. शब्द काढायचे ठरवून बसलो होतो. ब्लेड गाण्याला लावलं, तर हात मागे आला. गाणं असं अंगावर पडलेलं मला बघवत नाही."

मी विचारलं, तुकडा कुठे आहे? जाळला असेल, फेकला असेल, अशी मनाची तयारी करून विचारलं. मास्तरांनी मशीनशेजारची चष्म्याची डबी उचलली आणि उघडली. आत, पेन्सिलीच्या तुकड्यावर गुंडाळलेली, तपकिरी टेपची छोटी वळी होती. दिवसभर आमच्या सगळ्यांच्या नाकासमोर होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"ताईचा आवाज आहे," मास्तर म्हणाले. "टाकवतो होय?"

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी नाना नवे होते. ते एक वाक्य त्यांनी इतके दिवस घोकलं होतं की स्टुडिओतल्या खुर्च्यांनाही पाठ झालं होतं. लाल दिवा लागला, धून संपली, आणि नानांची पाचावर धारण बसली. तोंड उघडलं, आवाज नाही. मागे कोरस उभा होता. त्यातली एक मुलगी पुढे झाली, माइकजवळ वाकली आणि वाक्य बोलून परत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. गाणं सुरू झालं. गाणं संपेपर्यंत नानांना आवाज सापडला आणि पुढे पस्तीस वर्षं तो कुठे गेला नाही. ऐकणारे त्या दिवशी मोजकेच होते. त्यांच्याही आठवणीत नंतर नानाच उरले. नाना आणि त्या मुलीचं लग्न पुढच्या वर्षी झालं.

"ताईने कुणाला सांगू दिलं नाही. मलाही नाही, त्यांनाही नाही. पंचविसाव्या वर्षी मी टेप जुनी झाल्याचं निमित्त केलं. या वेळी साहेब म्हणाले पहिल्यापासून, सगळ्यांसमोर. मी ताईला सांगितलं. तिने काय केलं माहितीये?" मास्तरांनी दोन बोटांची कात्री करून दाखवली. "असं केलं. आणि मग हात जोडले. मोठी बहीण हात जोडते म्हटल्यावर भाऊ काय करणार?"

"आणि नानांना काय हवंय हे कुणी विचारलं का?" मी म्हटलं. मला एकदम राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. "ते टेप पहिल्यापासून लावा म्हणून हटून बसलेत, मास्तर. पाटी वाचवायची असती तर हटून बसले असते का?"

मास्तरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"चला," मी म्हटलं. "डबी घ्या."

६

संध्याकाळी नानांच्या घरी आम्ही चौघं एका छोट्या टेबलाभोवती बसलो. म्हणजे तिघं बसले, मी उभी होते. मधे चष्म्याची डबी, उघडी.

वहिनींनी ती पाहिली, मग भावाकडे पाहिलं. त्या नजरेने मास्तर एवढेसे झाले. नानांना सगळं सांगायला फार शब्द लागले नाहीत. ते वळीकडे बघत होते आणि त्यांचे थरथरते हात त्यांनी मुद्दाम टेबलाखाली ठेवले होते, चुकून धक्का लागू नये म्हणून.

वहिनींनी बोट भिंतीकडे केलं. तिथे पाटीच्या समारंभाचा फोटो होता, हार घातलेले नाना. मग ते बोट नानांच्या छातीवर टेकवलं आणि मान हलवली. अर्थ सरळ होता. हा मान जाईल, तो जाऊ द्यायचा नाही.

"दर वर्षी त्या तारखेला मी सांगायला तोंड उघडायचो," नाना मला म्हणाले, "आणि ही माझ्या तोंडावर हात ठेवायची. मीही फार जोर केला नाही. खोटं कशाला बोलू, मला ते हार आवडायचे."

मग ते वहिनींकडे वळले. त्यांचा तो घडवलेला, सगळ्या घराघरांत शिरलेला आवाज त्या क्षणी अगदी साधा झाला, शेजारच्या कुठल्याही म्हाताऱ्याचा असावा तसा.

"तुझा आवाज मी विसरत चाललोय," नाना म्हणाले. "डोळे मिटून आठवायला गेलो की कपावरचा चमचा ऐकू येतो. ऑपरेशनच्या आधी एकदा रेकॉर्ड करू म्हटलं होतं, तू म्हणालीस मला काय धाड भरलीये. जगात तुझं एवढंच एक वाक्य उरलंय, आणि ते तू माझ्या पाटीसाठी कापायला लावलंस. मला पाटी नको. मला ते ऐकायचंय."

खोलीत कुणीच हललं नाही. मीसुद्धा नाही, आणि हे लिहिण्यासारखं आहे. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मग त्यांनी चमचा उचलला. कपावर एकदा वाजवला, दोनदा वाजवला. नानांना हसू फुटलं आणि हसताहसता ते रडायला लागले.

वहिनींनी डबी मास्तरांकडे सरकवली.

७

सकाळी मास्तरांनी तुकडा जोडला. काकू शेजारी उभ्या राहून जोडाची पट्टी धरत होत्या आणि एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. साहेबांना मी एवढंच सांगितलं, खरी टेप मिळाली आहे, पण पाटी बदलावी लागेल. ते पाटीच्या खर्चाबद्दल काहीतरी म्हणायला लागले, तेवढ्यात लाल दिवा लागला.

नाना माइकसमोर होते, वहिनी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. मी माझं नेहमीचं वाक्य बोलले: आजच्या दिवशी, पन्नास वर्षांपूर्वी, या केंद्रावरून पहिले शब्द बोलले गेले, ते आता ऐका.

धून वाजली. संपली. आणि एका तरुण मुलीचा आवाज आला, थोडा घाईचा, कोरसमधून आत्ताच पुढे आलेला.

"नमस्कार, ही आमची पहिली सकाळ, गाणं ऐका आणि आमच्याबरोबर राहा."

मग मास्तरांचा तो श्वास. मग गाणं.

पहिलं कडवं झालं आणि मास्तरांनी गाणं हळू केलं. आता नानांनी बोलायचं होतं. नानांनी तोंड उघडलं. आवाज नाही. काचेपलीकडे वायफाय उभा राहिला, साहेब हातवारे करायला लागले, काकूंनी पदर तोंडाशी नेला. या वेळी पुढे होऊन वाक्य बोलणारं कुणी नव्हतं. वहिनींनी हात उचलला आणि नानांच्या पाठीवर ठेवला, नुसता ठेवला.

"हा आवाज माझ्या बायकोचा आहे," नाना म्हणाले. "पन्नास वर्षं तुम्ही तो माझा समजलात आणि मी समजू दिला. त्या दिवशी मी गप्प होतो, ही बोलली." ते थांबले. पुढे साहेबांनी ठरवलेले आभार होते, पाहुण्यांची ओळख होती. त्यातलं त्यांनी काही घेतलं नाही. काचेकडे वळून ते मेहुण्याला म्हणाले, "परत लाव रे."

साहेब नाही नाही म्हणून मान हलवत होते. मास्तरांनी तिकडे पाहिलंच नाही. त्यांनी टेप मागे घेतली. फिरवण्याने सावल्या जातात, खरा आवाज जात नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

धून संपली. या वेळी मी घड्याळाकडे बघत नव्हते, वहिनींकडे बघत होते. मुलगी बोलत होती आणि तिच्या शब्दांबरोबर वहिनींचे ओठ हलत होते, अगदी बरोबर, एक अक्षर मागे नाही की पुढे नाही. 'राहा' त्यांच्या ओठांवर आलं तेव्हा नाना डोळे मिटून बसले होते, आणि मास्तरांचा हात पुन्हा टेप मागे घ्यायच्या बटणावर गेला होता.